इंग्लिशमधलं ‘गेट’: अर्थ पाठ करू नका, शेजारचा शब्द बघा

आधी एक छोटं काम करा. आपलं मराठी ‘लागणे’ घ्या आणि ते मराठी अजिबात न येणाऱ्या माणसाला समजावून सांगायचंय असं मनात धरा. भूक लागली, ठेच लागली, नोकरी लागली, फोन लागला, घाटात गाडी लागली, पोराला क्रिकेटचं वेड लागलं, पुण्याला जायला चार तास लागले, शेवटी मलाच जावं लागलं, आणि आंबा काय गोड लागला. आता तो माणूस विचारणार, बाबा रे लागणे म्हणजे नक्की काय? एका शब्दात सांगताच येणार नाही. तरी आपण हा शब्द जन्मात कधी चुकत नाही, कारण त्याचा अर्थ आपण पाठ केलेलाच नसतो, त्याच्या शेजारी कोण बसलंय ते बघून आपल्याला आपोआप कळतं. भूक असली की एक, नोकरी असली की दुसरं, ‘जावं’ असलं की तिसरंच.

इंग्लिशमधलं ‘गेट’ तसंच आहे.

मी संध्याकाळी घरीच इंग्लिश बोलायला शिकवते, दहावी-बारावीची मुलं असतात, दोन-चार नोकरीवाले, काही घर सांभाळणाऱ्या बायका. प्रत्येकाच्या वहीत एक यादी हमखास सापडते: गेट म्हणजे मिळणे, आणणे, होणे, पोचणे, समजणे, करून घेणे, आणि पुढे पानभर. यादी बरोबर असते हो, पण बोलताना ती कुणाच्या कामाला येत नाही, कारण समोरचा बोलून मोकळा होतो आणि आपण अजून यादीतल्या सातव्या अर्थावर असतो. म्हणून मी ती यादी बाजूला ठेवायला सांगते आणि एकच सवय लावायला सांगते, गेटच्या पुढे काय आलंय ते बघा. वस्तू आलीय, विशेषण आलंय, जागा आलीय, का दुसरं क्रियापद आलंय? अर्थ तिथून ठरतो. खाली तेच एकेक पायरीने सांगते, घाई करू नका, दिवसाला एक पायरी पुष्कळ झाली.

पायरी १: आधी तोंडात नीट बसवा

मराठीत आपण दाराला पण गेट म्हणतो आणि क्रियापदाला पण गेटच लिहितो, त्यामुळे दोन्ही सारखेच बोलले जातात. इंग्लिशमध्ये ते वेगळे आहेत. दाराच्या गेटमध्ये ‘ए’ लांबतो आणि शेवटी किंचित ‘इ’कडे वळतो, साधारण ‘गेइट’. क्रियापदाचं गेट एकदम तोकडं, झटक्यात संपणारं. ‘पेन’ म्हणताना ए जेवढा छोटा असतो तेवढाच.

दुसरी गोष्ट ऐकण्याची. अमेरिकन माणूस ‘गेट इट’ असं सुटं बोलत नाही, ते ‘गेडिट’ ऐकू येतं, ‘गेट अप’चं ‘गेडप’ होतं, आणि ‘गॉट टू’चं ‘गॉटा’. आपण शाळेत हे कधी ऐकलेलंच नसतं, म्हणून शब्द ओळखीचा असून पण कानाला पत्ता लागत नाही. एक-दोन दिवस नुसतं ‘गेडिट, गेडप, गेडाउट’ असं मोठ्याने म्हणून बघा, मग सिनेमा बघताना तोच शब्द वाक्यावाक्याला सापडायला लागेल.

पायरी २: रूपं

आज गेट, काल गॉट. तिसरं रूप इंग्लंडमध्ये गॉट आणि अमेरिकेत गॉटन. आपली पाठ्यपुस्तकं ब्रिटिश वळणाची, त्यामुळे कित्येकांना गॉटन ऐकलं की चुकीचं वाटतं, ते चुकीचं नाहीये. उलट गॉटन हे जुनं रूप आहे, १६११ साली छापलेल्या इंग्लिश बायबलमध्ये ते आहे. इंग्रज लोक अमेरिकेत गेले तेव्हा ते बरोबर घेऊन गेले आणि नंतर इंग्लंडमध्येच ते मागे पडलं. आणि गंमत म्हणजे ‘फरगॉटन’मध्ये इंग्रज सुद्धा ते अजून वापरतात, तिथून काही ते हललं नाही.

ज्यांचे नातेवाईक न्यू जर्सीला आहेत किंवा ज्यांना अमेरिकन क्लायंटशी बोलायचंय त्यांनी एक फरक लक्षात ठेवा. अमेरिकन माणूस ‘आय हॅव गॉट अ कार’ म्हणाला तर गाडी आहे त्याच्याकडे. ‘आय हॅव गॉटन अ कार’ म्हणाला तर गाडी घेतलीय, मिळवलीय. पहिल्यात नुसतं असणं, दुसऱ्यात मिळवणं. बाकी तुम्ही स्वतः कुठलं रूप वापरताय याने काही बिघडत नाही, फक्त एकाच पत्रात दोन्हीची खिचडी नको.

पायरी ३: पुढे वस्तू आली तर

ही सगळ्यात सोपी. ‘आय गॉट अ लेटर’, पत्र मिळालं. ‘शी गॉट अ जॉब’, तिला नोकरी लागली. ‘गेट मी सम वॉटर’, पाणी आण जरा. मिळणे आणि आणणे, दोन्हीत वस्तू शेवटी हातात येते, म्हणून इंग्लिशला एकच शब्द पुरतो.

मराठी माणसाची अडचण इथे अर्थाची नसते, कर्त्याची असते. आपण म्हणतो ‘मला मिळालं’, म्हणजे पत्र कर्ता आणि मी नुसता घेणारा. इंग्लिशमध्ये मीच पुढे यायला लागतो, ‘आय गॉट’. म्हणून नवीन शिकणारी मुलं ‘टू मी गॉट’ असं काहीतरी बोलून अडखळतात. मराठीत जिथे जिथे ‘मला’ने वाक्य सुरू होतं, मला राग आला, मला संधी मिळाली, मला सर्दी झाली, तिथे इंग्लिशला पुष्कळदा ‘आय गॉट’ चालतं: आय गॉट अँग्री, आय गॉट अ चान्स, आय गॉट अ कोल्ड. ही एक युक्ती नवशिक्याचं बरंच ओझं हलकं करते.

तापाला मात्र ती जरा जपून वापरा. ‘मला ताप येतोय’चं आपण सरळ ‘आय ॲम गेटिंग फीवर’ करतो, भारतात सगळ्यांना समजतं पण बाहेर कानाला खटकतं. ‘आय हॅव अ फीवर’ म्हणा.

वस्तू म्हणजे हातात धरायचीच पाहिजे असं नाही. विनोद, बोलणं, मुद्दा हे पण गेटच्या पुढे येतं आणि मग अर्थ होतो समजणे. ‘डिड यू गेट द जोक?’ ‘आय डोन्ट गेट इट.’ आपल्या पोरांच्या भाषेत टोटल लागली नाही. फोनवर आपल्याकडे ‘आय ॲम नॉट गेटिंग यू’ फार चालतं, त्याऐवजी ‘सॉरी, आय डिडन्ट गेट दॅट’ म्हणा, ते जगभर चालतं.

मधेच थोडं थांबून: हा शब्द आला कुठून

हे मी पायऱ्यांच्या मधेच सांगते, शेवटी ठेवत नाही, कारण मिळणे आणि समजणे एकाच शब्दात कसे आले हे कळलं की पुढचं सगळं डोक्यात टिकतं.

गेट हा मुळात इंग्रजांचा घरचा शब्दच नाही. तो व्हायकिंग लोकांचा, म्हणजे डेन्मार्क-नॉर्वेकडून जहाजांनी येणाऱ्या दर्यावर्दी लोकांचा. इ.स. ७९३ मध्ये इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्याजवळच्या लिंडिसफार्न बेटावरचा मठ त्यांनी लुटला, तेव्हापासून त्यांच्या स्वाऱ्या सुरू झाल्या. ८६५ साली मोठी फौजच आली, पुढच्या वर्षी उत्तरेतलं यॉर्क शहर त्यांच्या हातात गेलं, मग ८७८ मध्ये इंग्रजांच्या आल्फ्रेड राजाने त्यांच्या गुथ्रम नावाच्या राजाला हरवलं आणि पुढे तहाने हद्द ठरली. उत्तर आणि पूर्वेचा मोठा पट्टा डेन, म्हणजे डेन्मार्ककडच्या या व्हायकिंग लोकांच्या कायद्याखाली राहिला, म्हणून त्याला डेनलॉ म्हणतात. तिथे ते लुटून परत गेले नाहीत, राहिले, शेती केली, लग्नं झाली, शेजारीपाजारी बनले. तिथल्या गावांची नावं अजून बोलतात, डर्बी, व्हिटबी, ग्रिम्सबी, शेवटचं ‘बी’ म्हणजे त्यांच्या भाषेत वस्ती, गाव.

त्यांच्या भाषेला आज जुनी नॉर्स म्हणतात आणि तिच्यातलं क्रियापद होतं ‘गेता’, म्हणजे मिळवणे, हातात घेणे. साधारण १२०० च्या आसपास ते इंग्लिश लिखाणात दिसायला लागतं. इंग्रजांकडे त्याचाच एक चुलत भाऊ आधीपासून होता पण तो बहुतेक जोडशब्दातच राहायचा आणि त्यातला ग मऊ होऊन ‘य’सारखा व्हायचा, म्हणजे आजच्या फरगेटमध्ये तेव्हा ‘ग’ऐवजी ‘य’ ऐकू यायचा. नॉर्सचा खणखणीत ग आला आणि तोच टिकला. ‘गिव्ह’चं पण तेच झालं.

मला यात सगळ्यात विलक्षण काय वाटतं सांगू का, बाहेरच्या भाषेतून वस्तूंची नावं येणं फार सोपं असतं. पोर्तुगीज आले आणि आपल्याकडे बटाटा, चावी, पगार ठेवून गेले. नवीन वस्तू आली, तिच्याबरोबर तिचं नाव आलं. पण गेट, टेक यांसारखी रोज शंभरदा लागणारी क्रियापदं, आणि ‘ते लोक’ या अर्थाचे ‘दे, देम, देअर’ हे सुद्धा दुसऱ्याकडून घेणं म्हणजे दोन समाज एका चुलीवर जेवल्याशिवाय होत नाही. एग, स्काय, नाइफ, हजबंड, लॉ, राँग, अग्ली, हे सगळे नॉर्सचेच. विंडो तर ‘वाऱ्याचा डोळा’ या अर्थाचा त्यांचा शब्द, आपल्या गवाक्षात जसा बैलाचा डोळा आहे तसा.

हे शब्द एका दिवसात बसले नाहीत. इंग्लंडमध्ये छापखाना सुरू करणारा विल्यम कॅक्सटन १४९० साली एक किस्सा सांगतो. काही व्यापारी थेम्स नदीत जहाजावर वाऱ्याची वाट बघत अडकले होते, त्यातला एक किनाऱ्यावर उतरून एका घरी गेला आणि खायला अंडी मागितली, शब्द वापरला नॉर्सवाला, ‘एग्स’सारखा. घरची बाई म्हणाली मला फ्रेंच येत नाही. तो चिडला, कारण त्याला पण फ्रेंच येत नव्हतं. शेवटी दुसऱ्याने जुना इंग्लिश शब्द ‘आयरन’ वापरला तेव्हा बाईला कळलं की अंडी पाहिजेत. म्हणजे व्हायकिंग येऊन सहाशे वर्षं झाली तरी दक्षिणेकडे त्यांचा एक साधा शब्द परका वाटत होता.

आता पायरी १ मधलं दाराचं गेट आठवा. यॉर्क शहरात स्टोनगेट, कॉपरगेट असे रस्ते आहेत. तिथलं ‘गेट’ दाराचं पण नाही आणि क्रियापदाचं पण नाही, ते नॉर्समधल्या ‘गाता’ म्हणजे रस्ता या शब्दावरून आलंय. कॉपरगेटला १९७६ पासून पाच वर्षं खोदकाम झालं तेव्हा खाली व्हायकिंगांची घरं आणि कारागिरांची दुकानं निघाली, आज तिथे म्युझियम आहे. लंडनला मुलगा-मुलगी असलेल्यांनी यॉर्कची एक फेरी जरूर करावी.

आणि आता मुख्य मुद्दा. गेटचं मूळ आणखी मागे गेलं की ‘पकडणे’ या अर्थाच्या एका धातूपाशी पोचतं, आणि त्याच धातूतून लॅटिनचं ‘प्रेहेंदेरे’ हे पकडण्याचं क्रियापद निघालं. त्यातून काय आलं? ‘कॉम्प्रिहेन्शन’. हो, दहावीच्या पेपरात उतारा वाचून उत्तरं लिहा म्हणतात ना, तेच. म्हणजे ‘डू यू गेट इट’ आणि कॉम्प्रिहेन्शन पॅसेज हे लांबचे भाऊ. समजणं म्हणजे पकडणं. आपल्याकडे पण संस्कृतातला ग्रह् म्हणजे पकडणे, आणि त्यावरून ग्रहणशक्ती म्हणजे समजण्याची ताकद, विचार अगदी तोच. ‘फरगेट’ म्हणजे मग काय? पकड सुटणे. हातातून निसटलं, विसरलं. माझ्याकडच्या एका मुलीला हे सांगितलं तर तिने वहीत मूठ काढली, बंद मुठीखाली गेट आणि उघड्या हाताखाली फरगेट. तेव्हापासून मी पण फळ्यावर तसंच काढते.

पायरी ४: पुढे विशेषण आलं तर ‘होणे’

आय गेट टायर्ड. इट इज गेटिंग डार्क. ही गॉट अँग्री. द टी इज गेटिंग कोल्ड. इथे हातात काही येत नाही, माणूस किंवा वस्तू एका अवस्थेतून दुसऱ्या अवस्थेत जाते. अंधार होतोय, चहा गार होतोय.

इथे ‘बी’ आणि ‘गेट’ यांच्यात गल्लत होते म्हणून जरा सावकाश वाचा. ‘इट इज डार्क’ म्हणजे अंधार आहे, झालेला आहे. ‘इट इज गेटिंग डार्क’ म्हणजे अंधार पडतोय, अजून रस्ता दिसतोय, चला लवकर. ‘शी इज मॅरीड’, तिचं लग्न झालेलं आहे. ‘शी गॉट मॅरीड इन २०१५’, तिचं लग्न २०१५ साली झालं. तारीख सांगायची असली, घटना सांगायची असली की गेट. स्थिती सांगायची असली की इज-ॲम-आर. आणि ‘कुणाशी’ सांगताना मराठीतल्या ‘शी’मुळे आपण विथ लावतो, तिथे टू पाहिजे, ‘मॅरीड टू’.

उशिराचं वाक्य आपल्याकडे जवळजवळ सगळे चुकतात. ‘मला उशीर झाला’चं आपण ‘आय गॉट लेट’ करतो. इंग्लिशमध्ये वेळ लेट होते, माणूस लेट असतो. ‘इट इज गेटिंग लेट’ बरोबर, उशीर होतोय. पण स्वतःबद्दल ‘आय वॉज लेट’, किंवा ट्रॅफिकमुळे अडकलात तर ‘आय गॉट डिलेड’.

ह्याच पायरीचा पुढचा तुकडा म्हणजे स्टोलन, ब्रोकन, स्टक असे शब्द. ‘माय सायकल गॉट स्टोलन’, माझी सायकल चोरीला गेली. ‘वी गॉट स्टक इन द घाट’, घाटात अडकलो. आपलं ‘चोरीला गेली’ बघा, सायकल काय स्वतः चालत गेली का? पण ‘गेली’ म्हटलं की आपल्या हातात नव्हतं, अचानक झालं असा सूर येतो. या गेटमध्ये पण तोच सूर आहे. म्हणूनच ठरवून, नीट केलेल्या कामाला ते शोभत नाही. देऊळ दगडात बांधलंय हे सांगताना ‘वॉज बिल्ट’ म्हणतात, ‘गॉट बिल्ट’ नाही.

पायरी ५: पुढे जागा आली तर ‘पोचणे’

‘आय गॉट टू द ऑफिस ॲट टेन.’ ‘व्हेन डिड यू गेट होम?’ होम, हिअर, देअर यांच्या आधी टू लावायचा नाही, बाकी जागांना लावायचा. एवढंच.

पण वाहनांचं नीट ऐका. आपण बसमधून ‘गेट डाउन’ होतो, कंडक्टर पण म्हणतो, शाळेत मास्तर पण म्हणायचे, त्यामुळे चुकीचं वाटतच नाही. इंग्लंड-अमेरिकेत बसमधून, ट्रेनमधून, विमानातून ‘गेट ऑफ’ म्हणतात, आणि कार किंवा टॅक्सीतून ‘गेट आउट ऑफ’. चढताना बसला ‘गेट ऑन’, कारमध्ये ‘गेट इन’. ज्यात उभं राहून चालता येतं त्याला ऑन-ऑफ, ज्यात वाकून शिरावं लागतं त्याला इन-आउट, अशी खूण धरा. ‘गेट डाउन’ म्हणजे झाडावरून, शिडीवरून खाली ये, किंवा धोका असला तर खाली वाक. माझा मामेभाऊ परदेशात टॅक्सीवाल्याला ‘आय वॉन्ट टू गेट डाउन हिअर’ म्हणाला तर तो बिचारा दोनदा वळून बघायला लागला. भारतात बोलताना गेट डाउन सोडायची गरज नाही, सगळ्यांना कळतं, फक्त बाहेरच्यांशी बोलताना बदलायची तयारी ठेवा.

पायरी ६: दुसऱ्याकडून करून घेणे

माझी आवडती पायरी हीच, कारण इथे मराठी माणूस आधीच पुढे आहे, त्याला फक्त ते माहीत नसतं.

‘आय कट माय हेअर’ असं म्हणालात तर अर्थ होतो की आरशासमोर उभं राहून स्वतःच कात्री चालवली. न्हाव्याकडून कापले तर ‘आय गॉट माय हेअर कट’. मराठीत आपण काय म्हणतो? केस कापून घेतले. ते ‘घेतले’ म्हणजेच गेट. फोन दुरुस्त करून घेतला, ‘आय गॉट माय फोन रिपेअर्ड’. दात काढून घेतला, ‘आय गॉट माय टूथ पुल्ड’. ब्लाउज शिवून घेतला, ‘आय गॉट माय ब्लाउज स्टिच्ड’. क्रम नीट बघा, गॉट, मग वस्तू, मग क्रियापदाचं तिसरं रूप. मराठीत ‘करून घेणे’ मनात आलं की हा साचा काढायचा.

माणूस मधे आला तर साचा थोडा बदलतो. ‘आय गॉट हिम टू साइन द फॉर्म’, त्याच्याकडून फॉर्मवर सही करून घेतली. इथे टू हवाच. पण ‘मेक’ वापरलं तर टू नको, ‘आय मेड हिम साइन’. आणि दोन्हींत फरक आहे. गेटमध्ये समजावून, गोड बोलून, पटवून काम काढलं असा भाव. मेकमध्ये भाग पाडलं. आजीने नातवाला भाजी खायला लावली तेव्हा गोष्ट सांगत लावली का डोळे वटारून, त्यावर शब्द ठरतो.

पायरी ७: पुढे ‘टू’ आणि क्रियापद आलं तर

‘आय गॉट टू मीट हिम’, मला त्यांना भेटायला मिळालं. ‘आय हॅव गॉट टू मीट हिम’, मला त्यांना भेटायलाच हवं. एका हॅवने संधीची सक्ती झाली! बोलताना तर हॅवचा नुसता ‘व्ह’ उरतो, ‘आयव्ह गॉटा’, आणि कधी तो पण गिळतात, ‘आय गॉटा गो’, मला निघायलाच पाहिजे. मग ओळखायचं कसं? ‘गॉटा’ असं चिकटून ऐकू आलं की बहुतेक सक्ती. गॉट आणि टू जरा सुटे, आणि गोष्ट मागची, झालेली असली की संधी.

‘गेट यूज्ड टू’ वेगळं, म्हणजे सवय होणे. ‘आय गॉट यूज्ड टू द कोल्ड’, थंडीची सवय झाली. पुढे क्रियापद आलं तर त्याला इंग लावा, ‘आय गॉट यूज्ड टू लिव्हिंग अलोन’. आणि गेट न लावता नुसतं ‘आय यूज्ड टू लिव्ह अलोन’ म्हटलं तर अर्थच बदलतो, पूर्वी मी एकटी राहायचे.

पायरी ८: छोटे शब्द चिकटले की

अप, ओव्हर, बाय, थ्रू असे शब्द लागले की शंभर अर्थ होतात, ते सगळे एकदम घेऊ नका. मी नवशिक्यांना सुरुवातीला मोजकेच देते आणि प्रत्येकाला मराठीतला नेमका शब्द जोडून देते. गेट अप म्हणजे उठणे, आणि जाग येणे म्हणजे वेक अप, अर्धा तास अंथरुणात लोळणाऱ्यांनी दोन्ही शिकावेत. गेट अलाँग म्हणजे पटणे, सासूचं नि माझं छान पटतं. गेट बाय म्हणजे भागणे, एवढ्या पगारात कसंबसं भागतं. गेट ओव्हर म्हणजे सावरणे, आजारातून किंवा दुःखातून. गेट अवे विथ म्हणजे खपून जाणे, केलेलं पचणे. गेट बॅक टू यू म्हणजे नंतर कळवतो, हे ऑफिसात रोज लागेल.

आणि दोन असे की आपल्या लागणेशी थेट हात मिळवतात. गेट थ्रू म्हणजे फोन लागणे, ‘आय कुडन्ट गेट थ्रू’, फोनच लागला नाही. गेट अराउंड टू म्हणजे मुहूर्त लागणे, ‘आय फायनली गॉट अराउंड टू क्लीनिंग द माळा’, शेवटी माळा साफ करायला मुहूर्त लागला एकदाचा.

कुठे वापरायचं नाही

अर्जात, नोकरीच्या पत्रात, परीक्षेच्या निबंधात गेट कमी ठेवा. गेट हे बोलण्यातलं क्रियापद आहे. तिथे मिळाल्याला रिसीव्ह किंवा ऑब्टेन, पोचण्याला अराइव्ह, होण्याला बिकम, समजण्याला अंडरस्टँड. यातले रिसीव्ह, ऑब्टेन, अराइव्ह हे फ्रेंचमधून आले. १०६६ साली फ्रान्सच्या उत्तरेकडच्या नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकलं, मग दरबार, कचेऱ्या, कायदा यांत बराच काळ फ्रेंच चालली, म्हणून त्या शब्दांना अजून कचेरीचा वास आहे आणि शेजाऱ्यांकडून आलेल्या गेटला घराचा. आपण घरी म्हणतो पत्र मिळालं, सरकारी कागदावर लिहितो पत्र प्राप्त झाले, तसंच. घरी बायकोला ‘मला चहा प्राप्त झाला’ कुणी म्हणत नाही, म्हणून मित्राला ‘आय रिसीव्ह्ड युवर जोक’ पण म्हणू नका.

रोजचा सराव

वहीचं पान उभं दुमडा. डावीकडे दिवसभरात तुम्ही खरोखर बोललात ती पाच मराठी वाक्यं लिहा ज्यात मिळणे, होणे, लागणे, पोचणे, घेणे यातलं काही आलंय. उजवीकडे ती गेट वापरून लिहा आणि गेटच्या पुढच्या शब्दाखाली रेघ मारा. गेटखाली नाही, पुढच्या शब्दाखाली. पुस्तकातली वाक्यं घेऊ नका, स्वतःचीच घ्या.

आजच्यासाठी माझ्याकडून पाच देते. दूध आणलंस का? पाऊस वाढतोय. चष्मा बदलून घेतला. स्टेशनला पोचायला उशीर झाला. मला त्या बाईंशी बोलायला मिळालं.

आधी स्वतः लिहा, मग हे बघा: ‘डिड यू गेट द मिल्क?’ ‘द रेन इज गेटिंग हेवियर.’ ‘आय गॉट माय ग्लासेस चेंज्ड.’ ‘आय गॉट टू द स्टेशन लेट.’ ‘आय गॉट टू टॉक टू हर.’ चौथं आणि पाचवं शेजारी शेजारी ठेवून मोठ्याने वाचा, दोन्हीत ‘गॉट टू’च आहे, पण एकात पुढे स्टेशन आलंय आणि एकात टॉक.